खिरोदाची कॅसेट

शॉमबर्गच्या त्या घरात दुपारी तीनच्या सुमारास आल्याच्या चहाचा वास यायचा. शाळेच्या पिवळ्या बसमधून उतरायचं, पार्किंग लॉट ओलांडायचा, दार ढकलायचं, की आधी तो वास आणि मग हेडफोनमधून गळणारा एक बारीक, किरकिरा आवाज. सोफ्याच्या डाव्या टोकाला हिरण्मयबाबू बसलेले असायचे. अंगात मुलाचं जुनं जाकीट, कानांवर माझ्या बाबांचा भलामोठा हेडफोन, मांडीवर पिवळ्या कागदांचं पॅड. दोन ओळी लिहायच्या, कॅसेट थांबवायची, मागे घ्यायची, तीच दोन वाक्यं पुन्हा ऐकायची. आमच्या म्युझिक सिस्टिमचं ते खटके मारणारं बटण दिवसातून शंभर वेळा वाजायचं. मला पाहिलं की ते एक कान मोकळा करून म्हणायचे, "आली खुकी! काय शिकवलं आज?" खुकी म्हणजे बंगालीत छोकरी. मी तेव्हा चौदा वर्षांची होते आणि मला ते नाव अजिबात आवडत नसे.

ते आमच्या समोरच्या रांगेतल्या टाउनहाउसमध्ये मुलाकडे राहायचे. कलकत्त्याच्या एका वर्तमानपत्रात त्यांनी पस्तीस वर्षं बातमीदारी केली होती. बायको गेल्यावर मुलगा त्यांना इथे घेऊन आला. येताना त्यांनी दोन बॅगांमध्ये कपडे कमी आणि कॅसेटी जास्त आणल्या होत्या. बंगालच्या दुष्काळातून जगलेल्या माणसांच्या आवाजाच्या त्या कॅसेटी. रिटायर झाल्यावर पाच-सहा वर्षं ते खेड्यापाड्यांतून टेपरेकॉर्डर घेऊन हिंडले होते. आता त्यावरून पुस्तक लिहायचं होतं. पण मुलाच्या घरी कॅसेट लावायला काही नव्हतं, आणि सून, मितालीदी, घरून काम करायची. तिचे दिवसभर कॉल चालायचे. आमच्याकडे दोन कॅसेटींची सिस्टिम होती आणि दिवसभर रिकामी बसलेली आई होती. म्हणून ते आमच्याकडे यायचे.

आईला 'रिकामी' म्हणताना आजही कसंतरी होतं. नागपूरला ती नऊ वर्षं एका दैनिकात उपसंपादक होती. इथे आली ती बाबांच्या व्हिसावरची डिपेंडंट म्हणून. नोकरी करायला बंदी. सुरुवातीला ती मराठी मंडळाच्या पत्रिकेतल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका लाल पेनाने दुरुस्त करून सेक्रेटरींना परत पाठवायची. त्यांनी पत्रिका पाठवणंच बंद केलं. मग ती नुसतीच खिडकीशी उभी राहायला लागली. न्यूयॉर्कचे ते दोन मनोरे पडल्याला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. बाबांच्या ओळखीतली एकेक कुटुंबं नोकरी गेली म्हणून परत चालली होती, आणि जाताना सोफे, गाद्या, मुलांच्या सायकली कचऱ्याच्या डंपस्टरशेजारी ठेवून जात होती. आमचं सेंटर टेबल तिथलंच. शनिवारी पॉटलक असायचा, प्रत्येकाने एकेक पदार्थ करून आणायचा, आणि त्यात कोणाचा तरी निरोप असायचा. लोक छोले वाढून घेत हळू आवाजात म्हणायचे, "यार, आता कोणाचा नंबर?"

त्या दिवसांत आई हसली असेल तर फक्त हिरण्मयबाबूंशी बोलताना. हिंदी, इंग्रजी आणि दोघांनीही अर्धवट ठेवलेली वाक्यं, अशी त्यांची भाषा होती. छापखान्यात शिशाचे खिळे जुळवून पान लावायचे ते दिवस, शेवटच्या क्षणी बदललेले मथळे, छळवादी संपादक. "आपल्या दोघांचा धंदा एकच, मा," ते आईला म्हणायचे. वयाने ती त्यांच्या मुलीसारखी, पण तिकडे मुलीलाही मा म्हणतात. ते कॅसेटीवरचं ऐकून तिला सांगायचे आणि ती उलटतपासणी घ्यायची: हे तिने स्वतः पाहिलं की ऐकलं? तेव्हा वय काय होतं तिचं? हिरण्मयबाबू खूश व्हायचे. पहिल्या दिवशी आईने त्यांना जेवायला वाढलं तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "तुमच्याकडे फॅन काढत नाहीत?" फॅन म्हणजे भाताची पेज, वेळून काढलेलं पाणी. आई म्हणाली, आम्ही कुकरला लावतो, पाणी उरतच नाही. ते बराच वेळ भाताकडे पाहत राहिले. मग म्हणाले की दुष्काळात लोक दारोदार भात मागत नसत. भात कोणी देणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. ते फॅन मागत. हिरण्मयबाबू तेव्हा आठ-नऊ वर्षांचे होते. त्यांच्या घरी तांदूळ होता. त्यांची आई कुंपणावरून फॅन ओतायची आणि खाली माणसं भांडी धरून उभी असायची. पुढे गर्दी वाढली तसं आजोबांनी फाटक बंद करायला लावलं. "आम्ही आत बसून जेवत होतो," ते म्हणाले. "मी रोज जेवलो." एवढंच बोलून त्यांनी घास घेतला. त्यांच्या पुस्तकाचं कारण मला त्या दिवशी कळायला हवं होतं. मी तेव्हा टीव्हीकडे पाहत होते.

आता त्या कॅसेटीबद्दल. माझ्या मुलीला कॅसेट म्हणजे काय हेच माहीत नाही, तिला दोन बाजू म्हणजे काय ते समजावताना मी परवा थकले. प्रत्येक बाजूला पाऊण तास आवाज मावायचा. वरच्या कडेला प्लास्टिकचे दोन छोटे तुकडे असायचे. ते मोडून टाकले की त्या बाजूवर पुन्हा रेकॉर्ड होत नसे. हिरण्मयबाबू न चुकता ते मोडायचे. सगळ्या कॅसेटी बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात होत्या आणि तो डबा आमच्या सिस्टिमशेजारीच असायचा, रोज ने-आण नको म्हणून.

शाळेत मी स्पॅनिश घेतलं होतं. आमच्या बाईंनी होमवर्क दिलं: 'माझं कुटुंब आणि आमचं जेवण' यावर पाच मिनिटं बोलून कॅसेटवर रेकॉर्ड करून आणा. मी आदल्या संध्याकाळपर्यंत विसरले होते. घरात कोरी कॅसेट नव्हती, दुकानात न्या म्हणायला बाबांचा मूड नव्हता. मी डबा उघडला. एका कॅसेटच्या दुसऱ्या बाजूच्या लेबलवर काही लिहिलेलं नव्हतं आणि तिकडचा तुकडाही शाबूत होता. मी ती लावली. खरखर ऐकू आली आणि मग कोणीतरी खोकलं. एका बाईचा खोकला, एकदाच. मी बंद करून मागे घेतली. रिकामी असेल असं मला वाटलं, हे मी नंतर सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे तसं वाटलं नव्हतं. खोकला ऐकला होता. पण उद्या ग्रेड जाणार होता, म्हणून मी बाबांचा कराओकेचा माइक जोडला आणि लाल बटण दाबलं. माझं नाव गौरी, आमच्या घरात तीन माणसं आहेत, आम्ही रात्री वरण-भात खातो, मला भात आवडतो. ते वाचून झाल्यावर फोन वाजला, मैत्रिणीचा होता, तो घेऊन मी वर खोलीत गेले आणि तशीच अंघोळीला गेले. कॅसेट फिरतच राहिली. खाली आले तेव्हा ती संपून आपोआप थांबलेली होती. शाळेत बाईंनी पहिली पाच मिनिटं ऐकली, बी प्लस दिला आणि दोन दिवसांनी कॅसेट परत केली. मी ती डब्यात होती तिथे ठेवून दिली.

आठवड्याभराने एका दुपारी मी घरात शिरले तर आल्याचा वास नव्हता. हिरण्मयबाबू सोफ्यावर होते, पण हेडफोन गळ्यात होता. आई समोर उभी होती. मी विचारलं, "काय झालं?"

हिरण्मयबाबूंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखाद्या घराचा पत्ता चुकल्यावर माणूस ज्या नजरेने दारावरची पाटी वाचतो त्या नजरेने. मग त्यांनी एकेक कॅसेट डब्यात भरली, झाकण लावलं, डबा काखेत घेतला. "येतो, मा," आईला म्हणाले. बूट घालायला त्यांना खूप वेळ लागला.

दार लागल्यावर आई म्हणाली, "काय करून बसली तू हे, गौरी?" संतापली की तिची नागपुरी वर यायची. "कोणाला विचारून घेतली ती कॅसेट?"

"आई, इट वॉज अ‍ॅन अ‍ॅक्सिडंट. ती ब्लँक होती."

"ब्लँक होती? ऐकून पाहिलं होतं?"

"हो," मी म्हणाले. "काहीच नव्हतं त्यावर."

आईने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि ती स्वयंपाकघरात गेली. त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलायला लागली. हिरण्मयबाबू यायचे बंद झाले. तीन वाजता घरात नुसता हीटरचा आवाज असायचा. एकदा जेवताना बाबा म्हणाले, "अगं, एक कॅसेट ती काय! मी त्यांना नव्या आणून देतो." आई ताटावरून उठली. "नव्या आणून काय करतील ते? ती बाई बोलायला येणार आहे का पुन्हा?" बाबांनी तिचं ताट झाकून ठेवलं. मग मला म्हणाले, "जा, सॉरी म्हणून ये एकदाचं. घरात बसवत नाही यार आता." बाबा असं का म्हणाले ते मला चार दिवसांनी कळलं.

मी शनिवारी दुपारी गेले. बर्फ पडून कडक झालं होतं. मितालीदीने दार उघडलं आणि वर बोट दाखवलं. त्यांची खोली म्हणजे नातवाच्या खेळण्यांची खोली होती. एका कोपऱ्यात पलंग, दुसऱ्यात प्लास्टिकचं किचन, आणि त्या प्लास्टिकच्या ओट्यावर त्यांची पॅडं रचून ठेवलेली. मी दारातूनच पाठ केलेलं वाक्य म्हटलं. त्यांनी पलंगावर जागा करून दिली.

"बस, खुकी. तुला सांगतो त्यावर काय होतं."

आणि त्यांनी मला खिरोदाची गोष्ट सांगितली. खिरोदा मेदिनीपूरकडच्या एका खेड्यातली. दुष्काळात ती अकरा-बारा वर्षांची होती. बाप मेला होता. आई तिला आणि तान्ह्या भावाला घेऊन तीन दिवस चालत दूरच्या एका लापशीकेंद्रावर आली, तिथे भुकेल्यांना लापशी वाटत. रांग मोठी होती. आईने तिच्या हातात वाडगं दिलं आणि म्हणाली, तू रांग धर, मी बाळाला पाणी पाजून आणते. ती परत आली नाही. खिरोदा रांगेत उभी राहिली, संध्याकाळी केंद्रवाल्यांनी तिला आत घेतलं. कॅसेटच्या पहिल्या बाजूवर एवढं होतं. "आणि शिव्या," हिरण्मयबाबू म्हणाले. "साठ वर्षांनीही ती आईला शिव्या देत होती. मला टाकून गेली, पोराला घेऊन गेली, मुलगी म्हणून मला टाकलं. पहिली बाजू तिथे संपली."

"आणि दुसरी?"

"मी कॅसेट उलटी केली. परतीची होडी सुटायची वेळ झाली होती, मी घाईत होतो. ती पाणी प्यायली, खोकली, आणि मग वेगळ्याच आवाजात बोलायला लागली. म्हणाली, बाबू, त्या केंद्रावर मोठ्यांना एक वेळ देत आणि हाकलत. पण ज्या मुलांना कोणी नाही त्यांना आत ठेवून घेत, दोन वेळ देत. आईला हे रांगेतल्या बायकांकडून कळलं असणार. मला स्वतःची मुलं झाल्यावर एक दिवस भात वाढताना हे लक्षात आलं. तिने मला टाकलं नव्हतं. तिने मला अनाथ केलं, म्हणून मी जगले. ती आणि बाळ कुठे मेली मला माहीत नाही. बाबू, शिव्या खोडून टाका. हे तिचं वाक्य होतं. शिव्या खोडून टाका."

मला खोकल्याचं सांगायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. त्याऐवजी मी म्हणाले, "मग तुम्ही हे लिहा ना. तुम्हाला सगळं आठवतंय."

"मला जे आठवतंय ते माझं आहे, तिचं नाही." त्यांनी चष्मा काढला. मग त्यांनी मला त्यांच्या तरुणपणचा एक प्रसंग सांगितला. एका गिरणीच्या संपात त्यांनी एका कामगाराचं बोलणं वहीत न लिहिता मनात ठेवून ऑफिसात येऊन छापलं. तो 'आम्ही गेट तोडू' म्हणाला होता; यांनी 'मी' लिहिलं. त्या एका शब्दावर पोलिसांनी त्याला घरातून उचललं. "तो सुटून आला तेव्हा त्याचा एक कान गेला होता. त्याने मला काही म्हटलं नाही. त्यानंतर मी आठवणीतून एक ओळ छापलेली नाही." आणि पहिली बाजू एकटीच छापली तर खिरोदाच्या शिव्या तेवढ्या राहणार होत्या. म्हणजे खिरोदा पुस्तकात येणार नव्हती.

मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं. नंतर म्हणाले, "तुकडा मोडायला मी विसरलो. निम्मी चूक माझी. आणि आणखी एक. तिचं काही उरलं असेल म्हणून मी ती बाजू शेवटपर्यंत ऐकली. तुझं बोलणं झाल्यावर तुमचं स्वयंपाकघर आहे. कुकरच्या शिट्ट्या आहेत. मग तुझे आई-बाबा बोलतात. मला मराठी येत नाही, पण 'लेऑफ' कळतं, 'व्हिसा' कळतं, आणि बाईमाणूस रडलेलं कळतं. मी ऐकायला नको होतं. मला माफ कर."

मला काहीच माहीत नव्हतं. बाबा रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, गळ्यात ऑफिसचं कार्ड अडकवून गाडी काढत होते. पुढच्या बुधवारी शाळा लवकर सुटली तेव्हा मी पब्लिक लायब्ररीत गेले. बाबा मागच्या टेबलाशी बसून नोकरीचे अर्ज भरत होते. कार्ड उलटं करून शर्टाच्या खिशात खोचलेलं होतं. मी त्यांना न दिसता बाहेर आले. घरी आल्यावर मी आईला चहा करून दिला. पहिल्यांदाच केला होता, आलं जास्त झालं होतं. तिने तो पूर्ण प्यायला.

हिरण्मयबाबूंनी कलकत्त्याला पुतण्याला पत्र लिहिलं: खिरोदाकडे जा, ती पुन्हा बोलेल का विचार. दोन महिन्यांनी उत्तर आलं. ती आदल्या पावसाळ्यातच वारली होती. तिच्या मुलीला यातलं काहीही ठाऊक नव्हतं; आईने घरात कधी दुष्काळाचं नावसुद्धा काढलं नव्हतं. मुलीने एवढंच विचारलं होतं, आईचा आवाज आम्हाला मिळेल का?

म्हणून ते पुन्हा आमच्या घरी आले. एका दुपारी आई, ते आणि मी सिस्टिमसमोर बसलो आणि पहिल्या बाजूची कॉपी केली. पाऊण तास ती म्हातारी बोलत होती. मला एक शब्द कळत नव्हता, पण शिव्या कुठे सुरू झाल्या ते कळलं. कॉपीबरोबर त्यांनी मुलीला आठ पानांचं पत्र लिहिलं आणि दुसऱ्या बाजूवरचं सगळं, आठवलं तसं, त्यात घातलं. "पुस्तकात नाही लिहीत, मग पत्रात कसं?" आईने विचारलं. "पत्रात ती मला उलट विचारू शकते," ते म्हणाले. "पुस्तकाला कोण विचारणार?"

बाबांना कॅलिफोर्नियात नोकरी मिळाली. शाळेचं वर्ष संपताच आम्ही फ्रीमाँटला गेलो. निघताना आम्ही सोफा डंपस्टरपाशी ठेवला नाही. आईने तो म्युझिक सिस्टिमसकट हिरण्मयबाबूंच्या घरी पोचवला. मितालीदीला तो कुठे ठेवायचा कळेना. त्यानंतर ते महिन्यातून एकदा आईला फोन करायचे. अशाच एका फोनवर त्यांनी खिरोदाच्या मुलीचं उत्तर वाचून दाखवलं. आई ऐकता ऐकता खुर्चीवर बसली आणि फोन ठेवल्यावर मला काही न सांगता बाहेर बाल्कनीत गेली. मी विचारलं नाही. त्या वयात मला त्या प्रकरणापासून शक्य तितकं लांब राहायचं होतं, आणि फ्रीमाँट त्यासाठी चांगलं लांब होतं.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना ते गेले. शॉमबर्गमध्येच, हिवाळ्यात. पुस्तक त्यांच्या हातात पडलं नाही. ते कलकत्त्याच्या एका छोट्या प्रकाशकाने नंतर काढलं, आणि मुलाने एक प्रत आईला पाठवली. आईला बंगाली वाचता येत नव्हतं. तिने ते माझ्याकडे दिलं, "कोणाकडून तरी वाचून घे" म्हणाली. माझी रूममेट सुदेष्णा न्यू जर्सीत वाढलेली, पण आजीने तिला अक्षरं शिकवली होती. एका रविवारी जेवण झाल्यावर ती बोट ठेवून सावकाश वाचायला बसली. प्रकरणांच्या नावांची यादी पाहिली. खिरोदाच्या नावाचं प्रकरण नव्हतं. मला ते माहीतच होतं, तरी मी तिला यादी पुन्हा वरपासून वाचायला लावली.

शेवटाकडे मात्र एका पानावर सुदेष्णा थांबली. तिथे खिरोदाच्या मुलीच्या पत्रातला एक परिच्छेद होता, तिच्या नावासकट, चारच ओळींचा. तिने तो इंग्रजीत मला सांगितला. 'माझी आई आम्हा भावंडांना कधी कुठल्याच रांगेत उभं राहू देत नसे. रेशनला ती स्वतः जायची. शाळेत पहिल्या दिवशी मुलांना रांगेत उभं केलेलं पाहून तिने मला हाताला धरून घरी आणलं आणि दिवसभर सोडलं नाही. का, ते तिने कधी सांगितलं नाही.'

"दॅट्स इट?" सुदेष्णाने पान उलटून पाहिलं. "गौरी, असं कसं? कारण काय होतं?"

मी तिला कारण सांगितलं. लापशीकेंद्र, रांग, वाडगं, शिव्या, आणि शिव्या खोडून टाका म्हणालेली म्हातारी. आईच्याही पुढ्यात कधी न बोललेला तो खोकलाही सांगितला. सांगता सांगता अंधार पडला आणि आम्ही दिवा लावला नाही.

बऱ्याच वेळाने सुदेष्णाने पुस्तक मिटलं. तिने शेवटचं काहीतरी नीट ऐकलं नसावं, किंवा ऐकूनही तिला खात्री करून घ्यायची असावी. "पण मग हे सगळं पुस्तकात का नाही?" तिने विचारलं.

"माझ्यामुळे," मी म्हणाले.